गाण्यावरचं नाव

कॅसेटच्या डबीतला तो घडी घातलेला कागद आठवतो का तुम्हाला? एका बाजूला गायकाचा हसरा फोटो, उलट्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत गाण्यांची यादी, आणि सगळ्यात खाली गीत अमुक, संगीत तमुक, तबला अमके, संवादिनी तमके. गाणं ऐकता ऐकता तो कागद पोथीसारखा वाचायची सवय आमच्या पिढीला होती. एका गाण्यामागे दहा माणसं असतात आणि त्या दहाही जणांना नावं असतात, हे मला त्या कागदानं शिकवलं.

आता मीही गाणी फोनवरच ऐकते. त्याबद्दल तक्रार नाही. पूर्वी एखादा अल्बम हवा असेल तर मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातापाया पडावं लागायचं, तो आता बसस्टॉपवर उभ्या उभ्या मिळतो. पण तो कागद गेला तो गेलाच. नावं बघायची तर गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवून आत शिरायचं, आणि तिथंही तबलजी सापडेलच याची खात्री नाही.

अलीकडे आलेले काही अल्बम मी सध्या पुन्हा पुन्हा ऐकते आहे. काही 'इंडी' म्हणतात तसे, म्हणजे सिनेमाच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या वाटेला न जाता केलेले. काही लोकसंगीताच्या वळणाचे. त्यांच्याविषयी लिहायला बसले आणि लक्षात आलं, की कुठल्याही अल्बमविषयी सुरुवात केली तरी मी एकाच प्रश्नापाशी पोचते : या गाण्यावर नाव कुणाचं आहे? हा प्रश्न माझ्या डोक्यात का रुतून बसला ते पुढे सांगेनच. त्याआधी थोडं कोठीविषयी, कारण हे बहुतेक ऐकणं कोठीला जाता-येताना झालं आहे.

नोकरीच्या निमित्तानं मी हैदराबादेत राहते आणि रविवार मोकळा असला की कोठी गाठते. आपल्याकडे कोठी म्हटलं की धान्याची. इथली कोठी म्हणजे हवेली. जेम्स कर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटनं १८०३ च्या सुमारास मूसी नदीजवळ उंच खांबांची टोलेजंग वास्तू बांधायला घेतली. तिच्यावरून या भागाला कोठी म्हणू लागले. कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांच्या लग्नाची गोष्ट विल्यम डॅलरिंपल यांच्या 'व्हाइट मुघल्स'मुळे जगभर पोचली. भोवतालचा बाजार इंग्रजांच्या अखत्यारीतला, म्हणून रेसिडेन्सी बाजार. १९३३ साली तो निजामाकडे परत आला आणि त्याचं नाव सुलतान बाजार झालं. हवेलीत १९४९ पासून मुलींचं कॉलेज भरू लागलं. आज ते महिला विद्यापीठ आहे, आणि २०२४ पासून त्याला चाकली इलम्मा यांचं नाव आहे. तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात जमीनदारासमोर आपल्या शेतासाठी उभी राहिलेली ही परीट समाजातली बाई. साहेबानं बांधलेल्या हवेलीवर परटिणीचं नाव... मला हे फार आवडतं.

बाजार इंग्रजांचा असल्यामुळे निजामाचे निर्बंध तिथं पूर्णपणे चालत नसत. साहजिकच सभा, संस्था, शाळा यांना हा आसरा वाटे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणजे औरंगाबाद-नांदेडच्या माणसाची राजधानी ही. त्यामुळे शंभरी ओलांडलेली विवेकवर्धिनी याच भागात आणि मराठी साहित्य परिषदही इथेच, इसामिया बाजारात. परिषदेच्या 'पंचधारा' या नियतकालिकाचा जुना अंक पहिल्यांदा हाती आला तेव्हा मी आपल्या मनानंच पाच धारा मोजल्या : मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी, कन्नड. कोठीच्या फुटपाथवर दहा मिनिटं उभं राहिलं तर या पाचही कानावर पडतात. आणि सहावी म्हणजे दक्खनी. ती आपल्याला अजिबात परकी वाटत नाही. 'नको' तिनं आपल्याकडूनच उचललाय. शब्दावर जोर द्यायला आपण 'च' लावतो, तोही तिच्याकडे आहे. भाषेवरून डोकी तापलेल्या गोव्यातून आलेल्या माझ्यासारखीला ही सरमिसळ औषधासारखी लागू पडते.

इथली गुजराती गल्ली आणि बँक स्ट्रीट म्हणजे रेडिओ, अँप्लिफायर, स्पीकर, वायरी यांचं माहेर. कॅसेटींचे दिवस संपले, सीडींचे संपले, आता निम्म्याहून अधिक दुकानांत मोबाइलची कव्हरं लटकलेली दिसतात. एका रविवारी अशाच एका दुकानाबाहेरच्या स्पीकरमधून दणादण मराठी ऐकू आलं आणि मी थबकले. क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं 'तांबडी चामडी' वाजत होतं. २०२४ साली हॉलंडच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स'नं ते बाहेर काढलं. नाचायच्या हाउस संगीतावर अस्सल मराठी बोल. ('तांबडी' म्हटलं की गोंयकाराला आधी तांबडी सुर्ला आठवणार, पण ते असो.) मला तो ठेका आवडला, आणि मुख्य म्हणजे मराठी बोलताना त्यात कुठेही संकोच नव्हता याचा आनंद झाला. मी कौतुकानं दुकानातल्या पोराला विचारलं, "किसका गाना है रे ये?" तो म्हणाला, "मालूम नै मॅडम. बज रा, बस!"

बज रा, बस. आजच्या संगीतव्यवहाराचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता अल्बमांकडे वळू. पहिला अल्बम न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या गायिकेचा आहे, पण त्याचा एक पाय या हैदराबादेत आहे. लाहोरला वाढलेली आरूज आफताब. २०२२ साली ग्रॅमी मिळवणारी ती पहिली पाकिस्तानी कलावंत. तिचा 'नाइट रेन' २०२४ च्या मे महिन्यात आला. नऊ गाणी, आणि नावाप्रमाणे सगळ्यांवर रात्रीचं राज्य. एकाचं तर नावच 'रात की रानी'. हार्पच्या तारा दंवासारख्या टपटपतात आणि आरूजचा खोल, घाई नसलेला आवाज त्यांच्यामधून वाट काढत जातो. तिच्याकडे ठुमरी-गझलेचं शिक्षण दिसतं, जॅझही दिसतं, पण कशाचंही प्रदर्शन नाही. एकेक शब्द ती इतका वेळ धरून ठेवते की अर्थ न कळताही तो शब्द आपलासा होतो.

यातल्या 'ना गुल' आणि 'साकी' या दोन गाण्यांची शायरी माहलका बाई चंदाची आहे, हे कळलं तेव्हा मी मेट्रोत होते. उस्मानिया मेडिकल कॉलेजचं स्टेशन, म्हणजे कोठीचंच, जवळ येत होतं. माहलका बाई (१७६८ ते १८२४) निजामाच्या दरबारातली गायिका, नर्तकी आणि शायर. स्वतःचा उर्दू दिवाण असलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिची गणना होते. त्या दिवाणाची एक प्रत तिनं १७९९ साली जॉन माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला भेट दिली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हा माल्कम म्हणजे पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्याच्या नावाची, तोच. माहलका बाईची कबर मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे.

विचार करा. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या हैदराबादी बाईचे शब्द लाहोरची मुलगी न्यूयॉर्कमध्ये गाते, आणि कोठीला उतरणारी एक गोंयकार्न ते ऐकते. हे शक्य झालं कारण त्या शब्दांवर नाव होतं. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं टोपणनाव गुंफतो. माहलका बाईचं ते नाव 'चंदा'. आपल्या संतांनी तरी काय केलं? 'तुका म्हणे', 'नामा म्हणे'. कागदावरचं नाव वाळवी खाईल, पण अभंगातच ओवलेली नाममुद्रा काढायची तर अभंग मोडावा लागेल. फार शहाणी माणसं ती. पण बायकांच्या बाबतीत हेही तितकं सरळ नाही. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, सोयराबाई चोखोबाची महारी. नाव सांगायच्या जागी बाईनं नातं सांगितलंय. हे लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

दुसरा अल्बम गणव्या दोराईस्वामी हिचा, 'डॉटर ऑफ अ टेंपल'. २०२४ च्याच नोव्हेंबरात बर्लिनच्या 'लायटर' कंपनीनं तो आणला. गणव्या जन्मली न्यूयॉर्कला, वाढली तमिळनाडूत. या अल्बमसाठी तिनं अमेरिकेत ह्यूस्टनला तीसहून अधिक कलाकारांना एका अनुष्ठानासारख्या मेळाव्यात बोलावलं. पियानोवादक विजय अय्यर (आरूजच्या 'साकी'मध्येही हाच), गायिका आणि बासवादक एस्परांझा स्पाल्डिंग, शबाका हचिंग्ज, नाट्यदिग्दर्शक पीटर सेलर्स अशी मंडळी जमली. जॉन कोल्ट्रेन यांची १९६५ साली प्रसिद्ध झालेली 'अ लव्ह सुप्रीम' ही रचना इथं जवळजवळ नामजप होऊन येते.

खरं सांगू का, पहिल्या ऐकण्यात मला हा अल्बम कळला नाही. गाणं कुठं संपलं आणि प्रार्थना कुठं सुरू झाली, कोण गातंय आणि कोण नुसतं श्वास घेतंय, काही पत्ता लागेना. दुसऱ्यांदा ऐकताना एकदम भजन आठवलं. देवळात सप्ताह चाललेला असतो. पहाटे तीनच्या प्रहरात आवाज थकलेले असतात, तरी पखवाज चालू असतो, कुणीतरी खांबाला टेकून झोपलेलं असतं आणि झोपेतच टाळ वाजवत असतं. तो सूर गोड नसतो, पण त्याला ऊब असते. गणव्याच्या अल्बमला ती ऊब आहे. तमिळनाडूच्या भजनपरंपरेत आपले मराठी अभंग तंजावरच्या मराठ्यांच्या काळापासून रुजलेले आहेत. तिथल्या कर्नाटक संगीताच्या मैफलींत शेवटी अभंग म्हटला की श्रोते ताल धरतात. त्यामुळे तिथं वाढलेल्या गळ्यातून आलेली ही सामूहिक आळवणी आपल्या कानाला ओळखीची वाटली तर नवल नाही.

सगळ्यांनी मिळून गायलेल्या गाण्यात एकेकाचं नाव कशाला, असं कुणी म्हणेल. भजनात टाळ कुणाचे ते कोण विचारतं? विचारत नाही हे खरं, पण गावात ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून विचारत नाहीत. गाणं गावाबाहेर पडलं की ते ठाऊक असणं मागेच राहतं. मग कुणीतरी लिहून पाठवावं लागतं.

तिसरा अल्बम वेगळ्या चालीचा. दिल्लीचा 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' नावाचा बँड. नाव कंपनीचं असलं तरी आहेत पाच मित्रच. त्यांचा 'बीटा' २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला. गाणी इंग्रजी. गायक सूर्यकांत साहनी असा गातो, की जुन्या काळच्या हॉटेलात पांढरा कोट घातलेला कुणी माणूस रात्री उशिरा, बहुतेक टेबलं रिकामी झाल्यावर, स्वतःसाठी गातो आहे असं वाटावं. मधूनच ट्रंपेट येतं आणि लग्नाच्या बँडची आठवण करून देतं. हसू आणि हुरहूर एकदमच. मडगावच्या एखाद्या जुन्या घराच्या बाल्कांवात बसून ऐकावा असा अल्बम आहे हा.

ते ट्रंपेट ऐकलं की गोंयकाराला दुसरं काय आठवणार? मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणारी आपली माणसं. हळदोण्याचे चिक चॉकलेट. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा. हिंदी चित्रपटगीतांतला व्हायोलिनचा तो लाटेसारखा फुगणारा आवाज कागदावर स्वरलिपीत उतरवणारे हात बऱ्याच वेळा गोंयकारांचे होते. रेकॉर्डवर मात्र संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव, गीतकाराचं नाव. अरेंजर आणि वादक क्वचितच. प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचं नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात आणलं, म्हणून अँथनी गोन्साल्विस हे नाव अख्ख्या देशाच्या तोंडी झालं. पण त्या नावाचा एक खराखुरा माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होतं? नाव गाजलं आणि माणूस अनोळखी राहिला. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) सारख्या पुस्तकांनी हे कर्ज थोडं फेडलं.

आणि 'इंडी, इंडी' म्हणून आज जे मिरवतात ना, ते आपल्या शिवोलीत १९८४ सालीच झालं होतं. रेमो फर्नांडिस यांनी 'गोवन क्रेझी' हा अल्बम घरच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवला. नाव त्यांचंच, आवाज त्यांचा, बहुतेक वाद्यंही त्यांचीच. स्वतंत्र असण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा. आपलं नाव कुठे आणि किती मोठं छापायचं हे आपल्या हातात राहतं. २००३ साली शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी 'अंडरस्कोर रेकॉर्ड्स' सुरू केलं, तेव्हाही कलाकाराच्या हातात त्याचं संगीत राहावं हाच विचार होता.

पण ज्याच्याकडे स्कूटर नाही, रेकॉर्डर नाही, त्याचं काय?

इथं मला तेलंगणातली दोन उदाहरणं सांगायची आहेत. एक 'चौरास्ता' या हैदराबादच्या बँडचं. चौरास्ता म्हणजे आपला चव्हाटा. तेलुगू मला अजून तोडकंमोडकंच येतं, तरी त्यांचं 'ऊरेळ्ळिपोता मामा' मी शेजारणीकडून ओळ न् ओळ समजावून घेतलं. शहराला कंटाळलेला माणूस गावी निघून जाईन म्हणतो. ठेका रेगेचा, मन मातीतलं. कोठीच्या गर्दीत कानाला लावून ऐकलं की समोरचे निम्मे लोक तेच म्हणत असतील असं वाटतं. २०२० च्या करोनाच्या दिवसांत, हात मिळवू नका, लांबूनच नमस्कार करा, असं सांगणारं त्यांचं गाणं घरोघरी पोचलं होतं. लोकसंगीताची चाल घ्यायची आणि आजच्या माणसाचं दुखणं सांगायचं, हे काम ही पोरं नेकीनं करतात. गाणं कुणी लिहिलं, कुणी गायलं, हेही सांगतात.

दुसरं उदाहरण दर्शनम मोगिलय्या यांचं. बांबू आणि भोपळे यांपासून केलेली किन्नेरा वाजवत वीरकथा गाणाऱ्या परंपरेतले हे कलावंत. त्यांची किन्नेरा बारा पायऱ्यांची म्हणून ओळखली जाते. २०२१ च्या सप्टेंबरात पवन कल्याणच्या 'भीमला नायक' सिनेमाचं शीर्षकगीत आलं, त्यात त्यांचा आवाज होता. पिढ्यान्पिढ्या गावोगाव फिरलेला तो खरखरीत सूर एका दिवसात लाखो लोकांच्या कानी गेला. २०२२ साली पद्मश्री. म्हणजे नाव झालं, सगळ्यात मोठ्या अक्षरांत झालं. आणि २०२४ च्या मे महिन्यात बातम्या आल्या, की मासिक मानधन थांबल्यामुळे मोगिलय्या हैदराबादजवळ बांधकामावर रोजंदारी करताहेत.

ही बातमी वाचल्यावर माझ्या सगळ्या नाव-नाव करण्याला चांगलीच चपराक बसली. नावानं पोट भरत नाही, हे उघड आहे. पण मग वाटलं, नाव होतं म्हणून निदान बातमी तरी आली. त्याच बांधकामावर आणखी किती गळे विटा वाहत असतील, ज्यांच्याबद्दल काही छापून येणार नाही, कारण ते कोण आहेत हेच कुणाला माहीत नाही? नाव म्हणजे भाकरी नव्हे. पण भाकरी मागायला दारात उभं राहायचं तरी आधी नाव सांगावं लागतं.

आता माझ्या डोक्यात हा प्रश्न का रुतला, ते सांगते.

डिचोलीकडच्या आमच्या वाड्यावर माझी मोठी काकी धालोंची म्होरकीण होती. पौषातल्या रात्री, जेवणंखाणं आटोपली की बायका मांडावर जमायच्या. समोरासमोर दोन ओळी, एकमेकींच्या कमरेला हात. एका ओळीनं म्हणायचं, दुसरीनं उचलायचं. काही गाणी कोंकणी, काही मराठी, आणि काहींमध्ये दोन्ही अशा मिसळलेल्या की वेगळ्या करायला जाल तर गाणंच तुटेल. काकीचा आवाज ओळीत असूनही ओळखू यायचा. किंचित नाकातला, टोकाला थरथरणारा.

नव्वदच्या दशकात एक मंडळी टेपरेकॉर्डर घेऊन वाड्यावर आली आणि त्यांनी धालो ध्वनिमुद्रित करून नेले. पुढे त्यांची कॅसेट निघाली. मागाहून ऑर्गन आणि ढोलकी घातलेली. प्रत्येक बाईला खण-नारळ आणि एकेक कॅसेट मिळाली. डबीतला कागद मी सवयीप्रमाणे उलगडला. संगीत-संयोजन करणाऱ्याचं नाव ठसठशीत, निर्मात्याचं त्याहून ठसठशीत, ध्वनिमुद्रकाचंही होतं. आणि गीत-गायन या शब्दांपुढे एकच शब्द : 'पारंपरिक'.

मी कॉलेजात होते, रक्त गरम. काकीला म्हटलं, तुझं नाव कुठाय यात? ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "गाणें म्हजें न्हय गो. तें म्हालगड्यांचें." थोडा वेळ पाखडत राहिली. मग सूप थांबवून म्हणाली, "पूण ताळो म्हजो."

गाणं माझं नव्हे, पण आवाज माझा. लोकसंगीताच्या हक्कांवर मी पुढे बरंच काही वाचलं, पण याहून नेमकं काही मला सापडलेलं नाही. लोकगीताला मालक नसतो, हे खरंच. म्हणून ते गाणारा गळाही बेवारस आहे असं होत नाही. चाल वडिलोपार्जित असते, श्वास ज्याचा त्याचा असतो.

हे नीट करता येतं, याचं उदाहरणही आपल्या मराठीतच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं, शक्य तिथं तिचा फोटो आणि तिच्याविषयी चार ओळीही असतात. जातं थांबलं, पण ते ओढणारीचं नाव राहिलं. (इकडे दक्खनीतही जात्यावरची गाणी होती, 'चक्कीनामा' म्हणत त्यांना. विजापूरकडच्या सूफींनी दळणाऱ्या बायकांच्या गळ्यात आपला उपदेश घातला. रचणाऱ्या सूफींचा मागोवा अभ्यासकांनी घेतला. दळणाऱ्या बायका मात्र तिथंही अनामच.) मी या ओव्या कुठल्याही नव्या अल्बमइतक्याच आवडीनं ऐकते. एकाही ओवीमागे ऑर्गन नाही.

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेट माझ्यापाशी होती, पण वाजवायचं यंत्र नव्हतं, आणि फीत चिकटत चाललेली. शेवटी गुजराती गल्लीतच एक वयस्क गृहस्थ भेटले, पूर्वी टू-इन-वन दुरुस्त करायचे. त्यांनी फीत हातानं गुंडाळून मोकळी केली, डोकं स्पिरिटनं पुसलं आणि जुन्या डेकवरून आवाज संगणकात उतरवून घेतला. साठ मिनिटांची कॅसेट, तितकाच वेळ लागला. त्यांना कोंकणी-मराठी काही कळत नव्हतं, पण मान डोलत होती. एका जागी म्हणाले, "ये जो अम्मा है ना, किनारे वाली, क्या गला है!" ओळीतला तो टोकाला थरथरणारा आवाज त्यांनीही वेचून काढला होता.

मग कीबोर्डवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "फाईल का नाम क्या डालूँ?"

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि दुकानाच्या पायरीवर बसून गोव्याला चुलतबहिणीला फोन लावला. तिनं डोळे मिटून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मांडावरच्या दोन्ही ओळी आठवल्या. सोळा बायका. अकरा जणींची नावं मिळाली. पाच जणी फक्त 'वयल्या घरची सून', 'अमक्याची आवय' अशाच आठवत होत्या. सोयराबाईंसारख्याच, कुणाच्या तरी. मी त्याही तशाच सांगितल्या, त्यांनी त्याही तशाच लिहिल्या. फाईलच्या नावात एवढं सगळं मावेना, म्हणून वेगळा कागद केला आणि फाईलशेजारी ठेवला.

त्या पाच जणींची नावं मी शोधते आहे. आपल्या वाड्यावर धालो, फुगड्या, ओव्या म्हणणाऱ्या ज्या कुणी असतील, त्यांची नावं तुम्हीही विचारून ठेवा. पुढच्या पौषापर्यंत थांबू नका.